सोल्डरिंगचा धूर: मास्क आणि एक्झॉस्ट पुरेसे आहेत का?

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगते, काही चुकत असेल तर दुरुस्त करा. कुपवाड एमआयडीसीत तुमचं छोटं युनिट आहे. शेतीपंपाच्या ऑटोस्विचची कार्डं, म्हणजे सर्किटच्या पाट्या (पीसीबी), आणि थोडं एलईडी ड्रायव्हरचं काम. सात बायका हाताने सोल्डरिंग करतात, दोन मुलं सोल्डर पॉटवर, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या भांड्यात, कार्डं डिप करतात. त्यातल्या एका ताईंना गेल्या पावसाळ्यापासून रात्रीचा खोकला लागलाय, छातीत सूं-सूं आवाज येतो. डॉक्टरांनी पंप ओढायला दिलाय, पण काम काय करता हे विचारलेलं नाही. तुम्ही भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवलाय, सगळ्यांना कापडी मास्क दिलेत. विट्याचे तुमचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, चुलते म्हणतात की शिशाचा धूर माणूस खातो, म्हणून आता लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेली, तार घ्यायचं तुमच्या मनात आहे. आणि शेवटी विचारलंय की त्या ताईंना काम सोडायला सांगावं का.

तुम्ही धुरालाच शिसं समजताय, आणि बाकीचे सगळे निर्णय त्या समजुतीवर उभे राहतायत. ताईंच्या छातीचा संबंध शिशाशी असण्याची शक्यता फार कमी आहे. शिशाचा धोका तुमच्याकडे आहेच, पण तो वेगळ्या वाटेने शरीरात जातो आणि त्याचा बंदोबस्तही वेगळा आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ताईंचं निदान करणार नाही. सातारा आणि सांगलीकडच्या पॅनेल आणि पीसीबी असेंब्लीच्या कारखान्यांत आधी लाइनवर आणि नंतर सुरक्षा विभागात माझी नोकरी झाली, त्या अनुभवावर बोलते.

सोल्डरच्या तारेच्या पोटात फ्लक्स, म्हणजे जोड नीट धरावा म्हणून लागणारा पदार्थ, भरलेला असतो. बहुतेक तारांमध्ये तो राळेचा, म्हणजे पाइनच्या चिकापासून काढलेल्या रोझिनचा असतो. ६३/३७ ची (६३ भाग कथील, ३७ भाग शिसं) तार १८३ अंशाला वितळते, पण हात पटापट चालावा म्हणून आपण बिट, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक, ३२० ते ३८० अंशांवर ठेवतो. त्या उष्णतेला राळेचे अतिसूक्ष्म कण होतात, फॉर्मल्डिहाइडसारखे वायू सुटतात. डोळ्यांना दिसणारा पांढरा धूर जवळजवळ सगळा हाच असतो. शिसं १,७४९ अंशाला उकळतं. साडेचारशेच्या खाली त्याची वाफ नगण्य असते.

तुमचे चुलते त्यांच्या धंद्यापुरतं अगदी बरोबर बोलतायत. चांदी वितळायलाच ९६२ अंश लागतात. शिसं घालून चांदी शुद्ध करणाऱ्या भट्टीत शिशाचा खरोखरीचा धूर होतो, आणि खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी घरांनी तो सोसलाय. सराफाच्या केडीएमच्या झाळणीतही तेच. त्यातलं कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं आणि फुंकणीची ज्योत त्याच्या कितीतरी वर जाते, म्हणून तिथे धातूच नाकात जातो. तुमच्या टेबलावर धातू इतका तापत नाही. तिथे जळते ती राळ.

आता राळ म्हणजे झाडाची वस्तू, देवापुढेसुद्धा धूप जाळतोच की, असं म्हणून लोक ती हलक्यात घेतात. हा गैरसमज घातक आहे. राळेच्या सोल्डर-धुराने दमा होतो हे ब्रिटनमधल्या छातीच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक्स कामगारांना तपासून दाखवून दिलं. आज तिथे या धुराची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शिशाच्या धुराला लिहिलेली मर्यादा ०.१५ मिलिग्रॅम होती. दोन देश, दोन वेगळे पदार्थ, त्यामुळे ही सरळ तुलना नव्हे. पण ज्याला आपण साधा धूर म्हणतो त्याचा आकडा कुठे आहे ते बघा.

हा दमा एका दिवसात होत नाही. महिनोन् महिने, कधी काही वर्षं काहीच होत नाही, आणि मग एखाद्याच्या शरीराला त्या धुराचं वावडं जडतं. एकदा जडलं की अगदी थोडा धूरही पुरतो. शेजारच्या सहा जणींना काही होत नाही म्हणून धूर बरा, असा हिशेब इथे चालत नाही. आणखी फसवणारी गोष्ट म्हणजे त्रास बऱ्याचदा कामावर होतच नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर किंवा मध्यरात्री सुरू होतो. म्हणून ताई म्हणतात हवा बदलली, घरचे म्हणतात ऊस पेटवल्याची राख आहे, डॉक्टर म्हणतात ॲलर्जी. तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात सोल्डरिंग येत नाही. सुरुवातीला नाक गळणं, शिंका, डोळे चुरचुरणं एवढंच असतं, आणि ते दिवस असेच निघून जातात.

ताईंना हे विचारा : रविवारी बरं वाटतं का? दिवाळीच्या सुटीत किंवा माहेरी आठ-दहा दिवस गेल्यावर खोकला गेला होता का, आणि परत कामावर आल्यावर किती दिवसांत उलटला? एका रविवारात फरक पडला नाही तरी निष्कर्ष काढू नका. जुनाट त्रास सुटायला कधी आठवडा-दोन आठवडे लागतात. उत्तर होय आलं तर या आठवड्यातच त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा, सांगलीत दाखवा किंवा मिरजेत. बरोबर चिठ्ठी द्या : रोज किती तास सोल्डरिंग, किती वर्षं, तार कोणती, फ्लक्स राळेचा. तारेच्या पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट (तारेत काय आहे आणि त्याचे धोके काय हे लिहिलेला कागद) मागून त्याची प्रतही जोडा. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा पुरवठादार बघा.

डॉक्टर बहुधा पीक फ्लो मीटर वापरायला सांगतील. प्लॅस्टिकची साधी नळी असते, फुंकायची आणि काटा वाचायचा. दिवसातून निदान चार वेळा, साधारण चार आठवडे, त्यात कामाचे दिवस आणि सुटीचे दिवस दोन्ही आले पाहिजेत. वेळ आणि आकडा वहीत लिहायचा. कामाच्या दिवसांत आकडे खाली आणि सुटीत वर, असं दिसलं की डॉक्टरांच्या हातात ठोस पुरावा येतो. म्हणूनच पहिल्याच दिवशी ताईंना कामावरून काढलंत तर निदान अवघड होऊन बसतं. मात्र दम लागून बोलता येत नसेल, पंपाने आराम पडत नसेल, तर आकड्यांची वाट बघायची नाही. तडक दवाखाना, आणि धूर त्याच क्षणापासून बंद.

आता खोलीबद्दल. यावर थोडं जास्त लिहिते, कारण पैसा इथेच लागतो आणि वायाही इथेच जातो.

भिंतीवरचा एक्झॉस्ट खोलीची हवा बदलतो, धूर पकडत नाही. तापलेल्या बिटवरून धूर सरळ वर चढतो आणि बरोबर त्याच रेषेत कामगाराचं नाक असतं, कारण बारीक जोड बघायला ती वाकलेली असते. भिंगाचा दिवा वापरत असाल तर आणखी जवळ. तो धूर तिच्या श्वासातून जाऊन मग निवांत भिंतीकडे निघतो. वाटेत बाकीच्यांच्या तोंडावरून जातो, आणि फॅनजवळ बसलेली बाई सगळ्यांचा धूर ओढते. त्या ताई फॅनच्या बाजूला बसतात का, हे मुद्दाम बघा. चुलीचं धुराडं चुलीवरच लागतं, माजघराच्या भिंतीत खिडकी ठेवून स्वयंपाकिणीचे डोळे वाचत नाहीत. धूर जिथे निघतो तिथेच तो ओढला गेला पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक टेबलावर वाकवता येणारा हात असलेलं, पसरट तोंडाचं नळकांडं लावा आणि ते जोडापासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर, थोडं पलीकडच्या बाजूला ठेवा, म्हणजे धूर तोंडापासून दूर ओढला जाईल. अंतरावर मी अडून बसते, कारण पाइपच्या तोंडापासून पाइपच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढ एक दशांशाहूनही कमी उरते. अंतर दुप्पट झालं की तीच पकड ठेवायला जवळपास चौपट हवा लागते. दीड फुटावर टांगलेली भारी हूड ही नुसती शोभा असते. जोडाच्या जागी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर मिळाला तर काम उत्तम होतं. हात फिरवायला अडचण होते म्हणून बायका नळकांडं मागे ढकलतील. तेव्हा ओरडू नका, कार्ड धरायचा स्टँड आणि नळकांडं दोन्ही त्यांच्या हाताच्या सवयीने बसवून द्या. टेबलावर काय कुठे हवं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सात टेबलांच्या नळ्या एका मुख्य डक्टला जोडून बाहेर एक ब्लोअर लावणं तुमच्या आकाराच्या युनिटला सगळ्यात परवडतं. तुमच्याच एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारे फॅब्रिकेटर हे करून देतात. त्यांना दोन गोष्टी बजावून सांगा. पाती असलेला साधा एक्झॉस्ट फॅन पाइपातून हवा ओढू शकत नाही, सेंट्रिफ्युगल ब्लोअरच हवा. आणि डक्ट जीआय पत्र्याचा, उघडून साफ करता येईल असा हवा, कारण राळ आत चिकटून थर बसतो आणि वर्षभरात ओढ मंदावते. बाहेरचं तोंड छताच्या वर काढा. शेजारच्या युनिटच्या खिडकीत धूर सोडू नका.

बाजारात टेबलावर ठेवायचा छोटा पंखा मिळतो, मागे काळा स्पंज असतो. तो घेऊ नका. त्या कार्बनच्या स्पंजने वास थोडा जातो, राळेचे कण बरेचसे आरपार येतात आणि पुन्हा खोलीत पसरतात. वास गेला म्हणून सगळे निर्धास्त होतात, हे जास्त वाईट. फिल्टरचं यंत्रच घ्यायचं असेल तर कणांसाठी हेपा आणि वायूंसाठी कार्बन, असे दोन्ही थर असलेलं घ्या आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलायचा खर्च आधीच धरा. बाहेर डक्ट काढणं शक्य नसेल, भाड्याचा गाळा असेल, वर दुसरा मजला असेल, तर मात्र हाच मार्ग उरतो.

छताचे पंखे हा सांगलीतला खरा पेच आहे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली पंखा बंद करा असं मी म्हणणार नाही. पण चालू पंख्याखाली कुठलीही ओढ विस्कटते. पाठीमागून वारा घेतला तर आणखी एक गोष्ट घडते : शरीराच्या पुढ्यात हवा भोवरा घेते आणि धूर छातीवरून नाकाकडे चढतो. वारा बाजूने, हळू आणि टेबलाच्या उंचीच्या वर राहील असा घ्या. पत्र्याखाली उष्णतारोधक थर लावलात, छतावर पांढरा रंग दिलात, तर पंख्याचा वेग कमी ठेवता येतो. हे सगळं तपासायला उपकरण लागत नाही. उदबत्ती पेटवून बिटच्या जागी धरा आणि तिचा धूर कुठे जातो ते बघा. सरळ नळकांड्यात गेला तर ठीक. डळमळला, वर गेला, शेजारणीकडे वळला, तर अजून काम बाकी आहे. दर सोमवारी प्रत्येक टेबलावर ही चाचणी करून वहीत नोंद ठेवा. फक्त ज्या टेबलावर कार्ड पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा थिनर उघडा असतो तिथे आधी तो उचला. आयपीएची वाफ बारा-तेरा अंशालाही पेट घेऊ शकते, आपल्याकडे तर ती वर्षभर तयारच असते. बाटली झाकणाची, लहान तोंडाची ठेवा आणि सोल्डरिंगच्या टेबलापासून लांब.

ब्लोअर बसेपर्यंत फुकटात होणारं काम म्हणजे तापमान. बिट झिजली की सोल्डर धरत नाही, मग बायका तापमान वाढवतात आणि धूर वाढतो. जोडाच्या मापाची चांगली बिट द्या, तापमान ३२०-३३० वर आणून बघा. बहुतेक जोड तितक्यात होतात. जाड तांब्याच्या ट्रॅकना, मोठ्या टर्मिनलना जास्त लागेल हे मान्य आहे, पण त्यासाठी सगळ्या टेबलांचं तापमान चढवू नका.

कापडी मास्कने सूक्ष्म कण अडत नाहीत, सर्जिकलनेही नाहीत. नाकाला घट्ट बसलेला एन-९५ कण अडवतो, फॉर्मल्डिहाइड अडवत नाही, आणि आठ तास उकाड्यात तो नीट बसलेला राहत नाही. ब्लोअर येईपर्यंतच्या दिवसांसाठी आणि डक्ट साफ करताना तो वापरा. कायमचा उपाय म्हणून मास्क देणं म्हणजे खर्च तुमचा आणि सगळा त्रास कामगाराचा.

लेड-फ्री तारेने शिसं जातं, राळ जात नाही. टिन-तांब्याची तार २२७ अंशाला वितळते, म्हणून बिट आणखी तापवावी लागते, फ्लक्सही बऱ्याचदा जास्त तीव्र असतो. ताईंच्या छातीला त्याने काही फायदा नाही, उलट धूर वाढू शकतो. निर्यातीसाठी किंवा ग्राहक मागतो म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, पण दम्यावरचा उपाय म्हणून नको. विचारायचं असेल तर राळविरहित फ्लक्सची तार विचारा. ‘नो-क्लीन’ (जोडानंतर पुसावं लागत नाही असा फ्लक्स) लिहिलेलं असलं म्हणजे राळ नाही असं नसतं, डेटा शीटवर रोझिन किंवा कोलोफनी हे शब्द शोधा. राळ नसलेल्या फ्लक्सचाही धूर छातीला चांगला नसतोच, तेव्हा ओढ तरीही लागेल.

आता शिसं. तुमच्याकडे ते हातातून तोंडात जातं. तार धरायला तिसरा हात नसतो म्हणून ती दातात धरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. हे पहिल्या दिवशी थांबवा, तारेचं स्टँड द्या. मधल्या सुटीत मशेरी लावायची तर बोट सरळ हिरड्यांवर जातं. पॉटवरची मुलं तळहातावर तंबाखू मळत असतील तर तिथेही तेच. भाकरी टेबलावरच सोडली जाते, चहाचा ग्लास बिटच्या शेजारी उघडा असतो. जेवायला वेगळी जागा आणि साबण, हे दोन्ही हवेच. नुसत्या पाण्याने शिसं निघत नाही, सॅनिटायझरने तर नाहीच. नखं आणि बांगड्यांखालचा मनगटाचा भागही घासायला सांगा. पदर नाकाला लावून काम करणारी बाई घरी जाऊन त्याच पदराने लेकराचं तोंड पुसते. म्हणून अंगावर अॅप्रन द्या आणि तो कारखान्यातच धुवायची व्यवस्था करा, घरी नेऊ देऊ नका. लहान मुलाच्या मेंदूला शिशाचा अमुक एक अंश सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही.

तुमच्या युनिटमधली शिशाची सगळ्यात वाईट जागा सोल्डर पॉट आहे. पॉट २५०-२६० अंशावर असतो, वाफ नगण्य, पण वर जमणारा करडा मैल, म्हणजे ड्रॉस, काढताना त्याची शिशाच्या ऑक्साइडची भुकटी उडते. ती मुलं तो मैल काढून उघड्या डब्यात टाकतात का? संध्याकाळी झाडूने कोरडं झाडतात का? मैल हळू काढायचा, झाकणाच्या डब्यात ठेवायचा, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, आणि पॉटवर स्वतंत्र हूड हवी. स्प्रेचा फ्लक्स मारत असाल तर त्या जागेलाही. मैल काढताना एन-९५ हवाच. या दोघांची आणि ज्या बायका गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात त्यांची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधायला लागायचं, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची सूचना आहे. गरोदर बाईला पॉटवर ठेवूच नका. अंगात रक्त कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, आणि आपल्याकडे कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं हे तुम्हाला माहीत आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. निदान दम्याचं आणि कारण राळेचं निघालं, तर ताईंना धुरापासून पूर्ण दूर ठेवावं लागेल. दोन टेबलं पलीकडे बसवून, किंवा चांगला मास्क देऊन भागत नाही. धूर चालू राहिला तर पुढे काम सोडल्यावरही दमा राहतो, आणि जितक्या लवकर धूर सुटेल तितकी बरं होण्याची आशा जास्त. म्हणून कारण नक्की झालं की वेळ घालवू नका. पण याचा अर्थ त्यांना घरी बसवा असा होत नाही. तुमच्याकडे कार्ड टेस्टिंग आहे, वायर कापणं-क्रिंप करणं आहे, पॅकिंग, स्टोअर, पार्ट मोजणं आहे. हे काम वेगळ्या खोलीत किंवा निदान छतापर्यंत पार्टिशन घालून करा, आणि पगार तोच ठेवा. पगार कापलात तर बाकीच्या सहा जणींपैकी कोणीही पुढे येऊन मला खोकला आहे असं सांगणार नाही, आणि पुढचा दमा तुम्हाला वर्षाने कळेल.

तुम्ही सोल्डरिंगचे नऊ जण लिहिलेत. पॅकिंगचा आणि हिशेबाचा माणूस धरला तर दहा होतात का ते बघा. दहा झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं, आणि ताईंच्या औषधाचा, आजारपणातल्या रजेचा भार तिथून उचलला जातो. बाकीच्यांनाही खोकला, नाक, डोळे, रात्रीची झोप याबद्दल एकेकटीला, खासगीत विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तर सगळ्या बऱ्या असतात. नवीन कोणी लागलं की दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि मग दर वर्षी हेच प्रश्न. आधीपासून दमा असलेल्या मुलीला सोल्डरिंगला घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खोलीची लांबी-रुंदी-उंची, टेबलं भिंतीला लागून आहेत की मधोमध, खिडक्या कोणत्या दिशेला, आणि तारेच्या रिळावर काय छापलंय हे कळवलंत तर डक्टचं माप आणि ब्लोअरची क्षमता काढून देते. तोवर उद्या सकाळी दातातली तार, उघडे चहाचे ग्लास आणि कोरडा झाडू बंद करा, आणि ताईंची चिठ्ठी लिहून द्या.